उपरोक्त विषयान्वये

यवतमाळच्या कलेक्टर कचेरीजवळच्या गल्लीत त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. ते आधार कार्डावर आहे आणि तिथं सुखात आहे. स्टॅम्पवाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे त्याला अर्जभाऊ म्हणतात. वय चौतीस. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल कशाला, असं विचारलं की म्हणतो, "महत्त्वाचं असलं तं अधोरेखित कराले लागते ना, काकाजी." पँटच्या डाव्या खिशात स्टॅम्पपॅड, उजव्या खिशात मोबाईल. उजव्या खिशातल्या वस्तूवर तो गेम खेळतो आणि डाव्या खिशातल्या वस्तूनं त्या गेमच्या कंपनीशी लढतो.

काकाजी म्हणजे मी. त्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाला लागून टिनाच्या शेडमध्ये त्याचे वडील बसतात. त्यांना अख्खी गल्ली बाबूजी म्हणते. बाबूजी अर्जनवीस. चाळीस वर्षं त्यांनी गोदरेजच्या टाइपरायटरवर जिल्ह्याची दुःखं टाइप केली. वारसाची नोंद, अडवलेला पांदण रस्ता, विहिरीचं अनुदान, दुष्काळाच्या यादीतून गळालेलं नाव. वणीपासून उमरखेडपर्यंतची माणसं त्या शेडखाली रडून गेली आहेत. बाबूजी रडणं पुरं ऐकून घेत, चष्मा पुसत आणि मग विचारत, "हे सगळं ठीक हाय. पण मागणी काय?" माणूस गप्प होई. बाबूजींचं म्हणणं असं, की आपल्यावर अन्याय झाला हे सगळ्यांना ठाऊक असतं; आपल्याला काय पाहिजे हे दहात दोघांना ठाऊक असतं.

अर्जभाऊ याच विद्यापीठाचा पदवीधर. पण तो शिकून तयार झाला तोवर जग ऑनलाइन झालं होतं. टाइपरायटरवर कापड पडलं. तो दिवसा एका सेतू केंद्रात लोकांचे फॉर्म भरतो, आणि फॉर्ममध्ये कला दाखवायला जागा कुठे असते? चौकट दिलेली, अक्षरं मोजलेली. 'महोदय' लिहायलासुद्धा वाव नाही. घराण्याची विद्या अशी अडकून पडली की ती कुठून तरी वाट काढतेच. अर्जभाऊच्या विद्येनं मोबाईलमधून वाट काढली.

पहिला अर्ज २०२० सालचा. २ सप्टेंबरला केंद्र सरकारनं ११८ ॲप बंद केले आणि त्यांत पबजी गेला. गल्लीतली पोट्टी अशी बसली होती, जणू घरातलं कोणी गेलं. तिसऱ्या दिवशी पाच-सात जण शेडमध्ये आले.

"अर्जभाऊ, कलेक्टरले अर्ज लिहून दे."

"कलेक्टर सक्षम प्राधिकारी नाही," अर्जभाऊ म्हणाला. "माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६९अ. दिल्लीले जा लागते."

पोरांचे चेहरे उतरले. यवतमाळच्या माणसाला दिल्ली म्हटलं की आधी धामणगावचं स्टेशन आठवतं आणि तिथवरच्या एसटीनंच तो थकतो. शेवटी अर्ज कलेक्टरलाच गेला. विषय: पबजी हा खेळ पूर्ववत सुरू होणेबाबत. सोबत सोळा सह्या. आवक शिक्का मिळाला तेव्हा पोरांनी त्या शिक्क्याचा फोटो स्टेटसला ठेवला.

आता गंमत पाहा. २ जुलै २०२१ला तो खेळ बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया या नावानं परत आला. रक्ताचा रंग हिरवा करून आला, पण आला. २८ जुलै २०२२ला तो पुन्हा ॲपच्या दुकानांतून गायब झाला. पोरं जुन्या अर्जाची झेरॉक्स घेऊन हजर: "फक्त तारीख बदलव." तारीख बदलली. मे २०२३च्या अखेरीस खेळ पुन्हा अवतरला. दोनदा अर्ज, दोनदा गेम परत! कोरियाच्या कंपनीनं दिल्लीत काय खटपटी केल्या, कोणत्या अटी मान्य केल्या, याच्याशी आमच्या गल्लीला देणंघेणं नव्हतं. कोरड्या आभाळाखाली बसलेल्या बाबाला अवचित आलेल्या पावसाचं श्रेय मिळतं, तसं ते अर्जभाऊला मिळालं. त्यानं कधी होय म्हटलं नाही आणि नाही म्हणायचीही घाई केली नाही.

तेव्हापासून गेमवर नाराज असलेला प्रत्येक पोट्टा त्याच्याकडे येतो. संध्याकाळी सेतू केंद्र बंद झालं की टपरीवर त्याचा दरबार भरतो. एकदा एक जण आला. त्याचं खातं कंपनीनं गोठवलं होतं. त्यानं कंपनीला धाडलेलं पत्र मी स्वतः पाहिलं आहे. नऊ ओळी होत्या. त्यातल्या सात छापण्यासारख्या नव्हत्या आणि उरलेल्या दोन त्यांहून वाईट होत्या.

अर्जभाऊनं लाल पेन काढलं. "याच्यात तक्रार कोठी हाय बे?"

"हे काय, पुरी तक्रारच तं हाय!"

"हा संताप हाय. संतापाले आवक नंबर भेटत नाही." आणि एकेक ओळ खोडत गेला. "खातं कोन्या तारखेले गोठवलं? फोन कोणता? गेमची आवृत्ती कोणती? पैसे किती भरले? पावती कोठी हाय? मागणी काय?"

"कंपनी बंद पडली पायजे."

"सक्षम प्राधिकारी?"

पोरगं डोकं खाजवत बसलं. अर्जभाऊच्या म्हणण्याप्रमाणे, शिवी दिली की समोरच्या बाबूचं काम सोपं होतं. 'असंसदीय भाषा' एवढा शेरा मारून त्याला अर्ज निकाली काढता येतो. सभ्य अर्ज त्याच्या टेबलावर बसून राहतो, पापण्या न हलवता त्याच्याकडे बघत राहतो. गेमच्या कंपनीतही कुणीतरी बाबू असतोच. त्याच्या टेबलावर बसायचं असेल तर सभ्य व्हावं लागतं.

या दरबारात तो जगभरचे दाखले देतो, जसे कीर्तनकार पुराणातले देतात. २०१७ साली स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ नावाचा गेम आला. आधी पूर्ण किंमत मोजायची आणि मग नामांकित वीर हाती यायला तासन्‌तास घासायचं, नाहीतर परत पैसे टाकायचे. खेळाडू भडकले. ईए कंपनीनं खुलासा केला, की एवढे कष्ट करून वीर मिळाला की तुम्हाला अभिमान वाटेल. त्या एका खुलाशावर सहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंतीचं बोट उमटवलं. गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी कंपनीनं आतली खरेदी बंद केली.

"सहा लाख अंगठे!" बाबूजी शेडमधून म्हणाले. "निशाणी डाव्या हाताची का उजव्या?"

दुसरा दाखला २०२४च्या मे महिन्याचा. हेलडायव्हर्स २ हा गेम संगणकावर विकत घेऊन लोक खेळत होते. अचानक सोनीनं फर्मान काढलं, की आता आमचं वेगळं खातं उघडा. कित्येक देशांत ते खातं उघडताच येत नव्हतं. दोन लाखांवर लोकांनी खेळाला वाईट शेरा दिला. काही दिवसांतच सोनीनं फर्मान मागे घेतलं. "इथी पाहा," अर्जभाऊ बोट वर करून सांगतो, "मुद्दा एक, मागणी एक. कोणी म्हटलं नाही का चित्रंही खराब हाय, गाणंही खराब हाय आन् माझ्या साळ्याचं लग्नही तुमच्यामुळं मोडलं. एका अर्जात एकच विषय."

हे बाबूजींचं मूळ सूत्र. एका अर्जात एकच विषय. दोन घातले की दोन टेबलं होतात, आणि दोन टेबलांमधली फाईल कुणाचीच नसते.

पण टपरीवाल्याला सगळ्यात आवडलेला दाखला तिसरा. २०१२ साली मास इफेक्ट ३ आला. तीन भाग लोक जीव लावून खेळले, हजार निर्णय घेतले, आणि शेवट पाहतात तर कोणताही निवडा, फरक मुख्यतः उजेडाच्या रंगाचा. लाल, हिरवा, निळा. चाहत्यांनी वर्गणी काढली आणि कंपनीला चारशे कपकेक धाडले. वरून लाल, हिरवे, निळे, आणि आतून सगळ्यांची चव एकच. कंपनीनं ते केक गरजू मुलांच्या आश्रयस्थानाला दिले, आणि त्या जूनमध्ये शेवटाचा वाढीव भाग फुकट काढला.

टपरीवाला झारा हातात घेऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपण तीन रंगाचे आलुबोंडे पाठवायचे. आतून आलूच."

"कुरिअरवाला तिखट वास येते म्हणून घेत नाही," अर्जभाऊ गंभीरपणे म्हणाला. म्हणजे त्यानं चौकशी केली होती.

एकदा त्यानं 'द क्रू'ची कथा सांगितली. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, लोकांनी विकत घेतलेला. युबिसॉफ्टनं सर्व्हर बंद केला आणि विकत घेतलेला गेम कायमचा मेला. तारीख ३१ मार्च २०२४.

"मार्च एंड!" बाबूजींचे डोळे चमकले. "तिकडंही मार्च एंडलेच करतेत काय?"

पण बाबूजींना पटेना, की विकत घेतलेली वस्तू विकणारा बंद कशी करू शकतो. अर्जभाऊनं समजावलं, की घेताना आपण ज्या अटींवर 'मान्य' दाबतो, त्यात लिहिलेलं असतं: तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता. बाबूजींनी क्षणभर विचार केला. "म्हणजे भोगवटादार वर्ग दोन. कब्जा आपला, मालकी त्यायची. मंग पयलेच सांगाले काय झालं?" युरोपातल्या कायदेपंडितांना जे समजावून घ्यायला पानंच्या पानं लागतात, ते सातबारा वाचणाऱ्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळलं. त्या गेमनंतर रॉस स्कॉट नावाच्या गृहस्थानं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. विकलेला गेम मारू नका, एवढीच मागणी. युरोपीय संघाच्या कायद्यात अशी सोय आहे, की दहा लाख नागरिकांनी सही केली तर त्यांचं म्हणणं वरच्या टेबलावर घ्यावंच लागतं. जुलै २०२५मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला.

"आपल्या शकुंतलेसाठी एवढ्या सह्या झाल्या असत्या तं?" कुणीतरी म्हणालं, आणि टपरीवर एकदम शांतता पसरली. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर. इंग्रजी अमदानीतल्या खासगी कंपनीची छोटी गाडी, कापूस नेण्यासाठी घातलेली. गाड्या भारताच्या रेल्वेच्या, रूळ कंपनीचे, आणि प्रवासी ना कंपनीचे ना सरकारचे. ती बंद पडली तेव्हा अर्ज कुणाला करायचा याचाच आधी अर्ज करावा लागला. ज्या गावानं आपली गाडी अशी डोळ्यांदेखत थांबलेली पाहिली, त्याला सर्व्हर बंद होणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

आता त्याच्या स्वतःच्या प्रकरणाकडे येतो.

२०२५च्या पावसाळ्यात अर्जभाऊ एका शेतीच्या गेमच्या नादी लागला. परदेशी कंपनीचा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्याचं प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही आणि मी त्यातला पंच क्रमांक १ आहे. गेममध्ये वावर घ्यायचं, पेरायचं, पीक विकायचं. यवतमाळचा माणूस दुसरं काय पेरणार? कापूस पेरला. ४४९ रुपये भरून कापूस वेचायचं यंत्र घेतलं. यंत्र भरलं, गोदामाकडे निघालं, आणि नाल्यावरच्या पुलात खचलं. कापूस गेला, यंत्र गेलं, ४४९ रुपये गेले. दुसऱ्या कुणी मोबाईल भिंतीवर आपटला असता. अर्जभाऊच्या चेहऱ्यावर मात्र मी त्या दिवशी जो आनंद पाहिला, तो त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

त्यानं पंचनामा केला. खराखुरा पंचनामा. 'आम्ही खालील सह्या करणार पंच लिहून देतो की, आज रोजी सायंकाळी ७ वाजून १० मिनिटांनी गेमातील शेत क्रमांक ३ येथे समक्ष हजर राहून पाहणी केली असता…' घटनास्थळाच्या चतुःसीमा: पूर्वेस नाला, पश्चिमेस गोदाम, दक्षिणेस पवनचक्की, उत्तरेस गेम संपतो. पंच क्रमांक १ मी, पंच क्रमांक २ टपरीवाला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, त्यावर आडवी सही मारून, स्कॅन करून, इंग्रजी भाषांतरासह कंपनीच्या मदत कक्षाला ईमेल गेला. आवक-जावक रजिस्टरात जावक क्रमांक १.

दोन मिनिटांत उत्तर आलं. तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो.

"दोन मिनिटांत?" बाबूजी म्हणाले. "म्हणजे वाचलं नाही."

स्मरणपत्र क्रमांक १ गेलं. उत्तर आलं: गेम काढून टाका आणि पुन्हा घाला. अर्जभाऊनं लिहिलं, की असं केल्यास पुरावा नष्ट होतो, सबब अर्जदार तसे करू इच्छित नाही. स्मरणपत्र क्रमांक २ गेलं. उत्तर नाही. स्मरणपत्र क्रमांक ३.

या काळात मी त्याला एकदा विचारलं, "लेका, ४४९ रुपयांसाठी ग्राहक आयोगात काहून जात नाही?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं पुजारी चपलेसकट गाभाऱ्यात शिरणाऱ्याकडे पाहतो. वाट त्याला पाठ होती. गुगलच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूचे पैसे ४८ तासांच्या आत गुगलकडे परत मागता येतात, त्यानंतर गेम बनवणाऱ्याकडे जायचं. स्टीमवर संगणकाचा गेम घेतला तर चौदा दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आधी मागायचे. ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठं काम केलं: तक्रारदार जिथं राहतो तिथंच तक्रार लावता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

"वकील नाही?" बाबूजींनी टाइपरायटरवरचं कापड थोडं वर केलं.

"पण पायऱ्या सोडायच्या नाही," अर्जभाऊ म्हणाला. हेही बाबूजींचंच. तलाठ्याला टाळून थेट मंत्र्याकडे गेलेला अर्ज फिरून फिरून 'उचित कार्यवाहीस्तव' तलाठ्याकडेच येतो, आणि तेव्हा तलाठी रागावलेला असतो. टपरीवरच्या पोरांनाही त्यानं स्पष्ट सांगून ठेवलं होतं: "ज्यानं मोबदला देल्ला तो ग्राहक. तुम्ही फुकट खेळता, तुम्ही फक्त नागरिक हा." नागरिक खट्टू होऊन चहा प्यायले.

स्मरणपत्र ३ आणि ४ यांच्या मधल्या रिकाम्या वेळात त्याच्यातला शेतकऱ्याचा नातू जागा झाला आणि त्यानं दुसरा अर्ज काढला. विषय: गेमातील कापूस वास्तवास धरून नसलेबाबत. मुद्दे असे: कापूस एकाच वेचणीत निघतो, आमच्याकडे तीन-चार वेचण्या होतात. गुलाबी बोंडअळी नाही. रानडुक्कर नाही, रोही नाही. मोटार दिवसा चालते, आमच्याकडे लाईट रात्रीची असते. आणि मुद्दा क्रमांक ६: कापूस गोदामात नेल्याबरोबर पूर्ण भाव मिळतो.

बाबूजींनी कागद वाचला, सहाव्या मुद्द्यावर थांबले आणि लाल पेन मागून घेतलं. तो मुद्दा त्यांनी खोडला.

"काहून, बाबूजी?"

"खेळात तरी भेटू दे ना बाप्पा भाव."

या अर्जाची एक प्रत माहितीस्तव राज्याच्या कृषिमंत्र्यांना गेली. अर्जभाऊचा मुहूर्त असा, की त्याच जुलैत कृषिमंत्री सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत राज्यभर फिरली. मंत्र्यांनी खुलासा केला, की आपण मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं जाऊन त्यांना क्रीडा खातं मिळालं. मी अर्जभाऊला म्हटलं, आता प्रतीवरचा पत्ता बदल. तो म्हणाला, "कायले? खेळाचाच तं अर्ज हाय." पुढच्या महिन्यात केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. गल्लीतला रमीवाला एक गृहस्थ बंदी उठवायचा अर्ज लिहून मागायला आला, तेव्हा अर्जभाऊनं हात जोडले. छंदाचा अर्ज तो लिहितो, व्यसनाचा लिहीत नाही. त्या माणसाच्या बायकोचा अर्ज मात्र त्यानं फुकट लिहून दिला.

स्मरणपत्र क्रमांक ४ नंतर एक दिवस कंपनीतून हाडामांसाच्या माणसाचं उत्तर आलं. ते कसं ओळखलं? त्यात एक प्रश्न होता. हे दोन पंच कोण आहेत, आणि त्यांच्या फोनवरही हीच अडचण येते का? अर्जभाऊनं कळवलं, की पंच क्रमांक २ कडे बटणांचा फोन असून ते फक्त सचोटीसाठी घेतले आहेत. मग त्या माणसानं फोनचं मॉडेल, गेमची आवृत्ती, घडलेल्या गोष्टींचा क्रम आणि चित्रफीत मागितली. पहिल्या तिन्ही गोष्टी पंचनाम्यात होत्याच. तो माणूस चकित झाला असावा, कारण पुढच्या पत्राची सुरुवात त्यानं 'आदरणीय महोदय' अशी केली.

चित्रफितीसाठी माझ्या दुकानात चार संध्याकाळी गेल्या. खराब झालेलं पुन्हा तसंच खराब करून दाखवणं किती कठीण असतं, हे मला त्या चार दिवसांत कळलं. रिकामं यंत्र पुलावरून सुखरूप जायचं. भरलेलं यंत्र उन्हात सुखरूप जायचं. अर्जभाऊ रजिस्टरात नोंद करायचा: प्रयत्न ७, यंत्र भरलेले, हवामान निरभ्र, खचले नाही. यवतमाळात बाहेर धो धो पाऊस, आणि हा मोबाईलमधल्या आभाळाकडे पाहत बसलेला. नवव्या प्रयत्नाला लाईट गेली. अकराव्या प्रयत्नाला गेममध्ये पाऊस आला, यंत्र भरलेलं होतं, आणि ते पुलाच्या डाव्या कडेनं गेलं. खचलं! मी, अर्जभाऊ आणि टपरीवाला अशा आनंदानं ओरडलो, की नोटरीसाठी थांबलेल्या एका बाईनं मला विचारलं, "कोणाले मुलगा झाला?"

दिवाळीच्या आधी गेमची नवी आवृत्ती आली. सोबत दुरुस्त्यांची यादी. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं, की पावसात पुलावर वाहन खचण्याची, काही खेळाडूंनी लक्षात आणून दिलेली अडचण दूर केली आहे. खात्यात ४४९ रुपयेही परत आले. मी ती ओळ मोठी करून रंगीत प्रिंट काढली आणि त्याच्या हातात दिली.

त्यानं ती तीनदा वाचली. चेहरा पडला. "काही खेळाडू म्हणजे काय, काकाजी? कोण काही? अर्जदार तं एकच होता!" आणि लगेच बसला शुद्धिपत्रकाचा मजकूर काढायला. विषय: दुरुस्ती यादीतील अनुक्रमांक १४ मध्ये 'काही खेळाडूंनी' याऐवजी 'अर्जदाराने' असे वाचणेबाबत.

बाबूजींनी चष्मा काढून पुसला. "राहू दे बहुवचन," ते म्हणाले. "एकट्याचं गाऱ्हाणं गठ्ठ्यात जाते. काही जणांचं टेबलावर येते. त्यानं तुले काही जण केलं, हे कमी हाय काय?"

अर्जभाऊ बराच वेळ लाल पेनाचं टोपण उघडझाक करत राहिला. मग त्यानं तो कागद बाजूला सारला आणि रजिस्टराचं मागचं पान उघडलं. कापसाच्या अर्जातला एक मुद्दा त्यानं तेव्हाच वेगळा काढून ठेवला होता, एका अर्जात एकच विषय म्हणून. गेममधला माणूस कपाशीवर फवारणी करतो तेव्हा त्याच्या तोंडाला काही नसतं. ना मास्क, ना हातमोजे, ना चष्मा. २०१७च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. अर्जभाऊचा चुलतमामा त्यात वाचला, पण आता त्याला सुई ओवता येत नाही. हे सगळं त्यानं अर्जात घातलं नव्हतं. फक्त साल, महिने आणि मागणी. विषय: फवारणी करणाऱ्या माणसास मास्क मिळणेबाबत.

"यावेळी सह्या घेऊ," तो म्हणाला. "काही खेळाडू."

मी सही केली. टपरीवरच्या नागरिकांनी केल्या. नोटरीवाल्या बाईनंही केली, कशावर ते न विचारता. टपरीवाल्यानं हात पुसून कागद डोळ्यांजवळ नेला, विषयाची ओळ वाचली आणि पेन तसंच धरून विचारलं, "गेमातल्या माणसाले, का खऱ्या?"

अर्जभाऊ काही बोलला नाही. एका अर्जात दोन विषय घेता येत नाहीत, हे त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

शेडमध्ये बाबूजींनी टाइपरायटरवरचं कापड पूर्ण काढलं, दुसरा कोरा कागद लावला आणि विचारलं, "सक्षम प्राधिकारी कोण लिहू?"